ज्याची गाडी, त्याचा उंदीर

रत्नपालच्या घरची चूल उंदरांच्या जिवावर पेटत होती, आणि साऱ्या जगात त्याला शिसारी होती ती उंदरांचीच. जवळा बाजार या गावात गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा तो एकटा. परभणीला आयटीआय करून आलेला, हात सफाईदार, बोलणं तुटक. हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी त्यानं आडत बाजाराच्या कडेला पत्र्याचं दुकान टाकलं. जागा जळबाशेठची. शेठ कापूस-सोयाबीनचे मोठे आडते. त्यांच्या शब्दावर बसलेलं दुकान त्यांच्या शब्दावर उठूही शकत होतं.

दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन निघालं की रानातले उंदीर गावात घुसायचे. आणि इथल्या माणसांची खोड अशी, की गाडी घेतली की ती उन्हाधुळीत उभी राहू नये म्हणून गोदामात लावायची, तीही थेट सरकीच्या पोत्यांना चिकटवून. खायला सरकी, अंथरायला कापूस आणि वर बॉनेटखालची ऊब. एवढी सोय तर माणसं घरच्या सुनेचीही करत नाहीत. मग वायरी कुरतडल्या की गाडी ढकलत रत्नपालकडं आणायची आणि विचारायचं, नव्या गाडीला उंदीर काहून लागले?

रत्नपाल बॉनेट उघडायचा तेव्हा श्वास आधीच रोखलेला असायचा. बॅटरीवर मुतानं पिवळा पडलेला ओलसर कापूस, त्यात चिकटून पडलेली गुलाबी, उघडी, डोळे न फुटलेली पिल्लं, सगळीकडं लेंड्या, आणि त्या घाणीतून चमकणारी उघडी तांब्याची तार. काम संपलं की तो हात तीनदा साबणानं धुवायचा. तरी दुपारची भाकरी अर्धी राहायची. सरिता, त्याची बायको, परत आलेला डबा उघडला की ओळखायची, आज उंदरांची गाडी आली होती.

उपाय त्याला पाठ होते आणि तो ते प्रत्येकाला न चुकता सांगायचा. पोती चार हात लांब सरकवा. गाडी रोज चालवा, नाही जमलं तर निदान जागा बदला. उभी असली की दिवसा बॉनेट उघडं ठेवा, उंदराला उजेड खपत नाही. तो स्वतः खालून बारीक लोखंडी जाळी ठोकून द्यायचा, वायरी पत्र्याच्या नळीतून घ्यायचा. कुणी हट्टच केला तर तंबाखूची पुरचुंडी नाहीतर डांबरगोळ्याही बांधून द्यायचा, पण त्याचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. एका जीपमध्ये त्यानं डांबरगोळ्यांना अंग टेकून निजलेला उंदीर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

एक गोष्ट मात्र तो कुणाला करू द्यायचा नाही. विष. "पिंजरा लावा," तो म्हणायचा. "पिंजरा तुमचा, उंदीर तुमचा. विष टाकलं तर गाडी माझ्याकडं आणू नका." लोक हसायचे. बुद्धाचा माणूस हाय, मुंगी मारत न्हाई, असं म्हणायचे. त्यातलं खरं काहीच नव्हतं. अंगावर आलेला एक उंदीर त्यानं पान्यानं जागच्या जागी चेचला होता आणि त्याचं त्याला जराही वाईट वाटलं नव्हतं.

विषाला नाही म्हणण्याचं कारण दुकानातच, दारातल्या लोखंडी खुर्चीवर बसलेलं असायचं. मुंजाजी, त्याचा बाप. सत्तरीला टेकलेला हा माणूस रोज दहाला यायचा, खुर्चीवर बसून जुन्या वायरींची वेटोळी करून द्यायचा. मुंजाजी सतरा-अठराचा असताना जळबाशेठच्या बापाच्या गोठ्यात बैल मेला. पावसाची झड होती, बैल तीन दिवस तसाच पडून राहिला, फुगला, फुटला. चौथ्या दिवशी निरोप आला आणि मुंजाजीनं तो ओढला. ओढताना कातडं हातात सुटून आलं. पुढं आठ दिवस भाकरी तोंडाशी नेली की हाताला तोच वास. राख लावून झाली, माती लावून झाली. शेवटी डाव्या हातानं खाऊन पाहिलं, तर डाव्या हातालाही तोच वास.

पुढं वस्तीनं दीक्षा घेतली आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं, की मेलेलं ढोर ओढायचं नाही. गावानं वर्षभर कुणाला कामावर बोलावलं नाही. रानातल्या तरोट्याची भाजी उकडून दिवस काढले, पण ओढलं नाही. रत्नपालला बापानं आयुष्यात उपदेश केला तो एवढाच: "मालकाचं मेलेलं मालकानं उचलावं." बाकी सगळं तो पोराच्या मर्जीवर सोडायचा.

दोन हजार तीन साली जळबाशेठनं सुमो घेतली आणि अर्थातच सरकीला चिकटवून लावली. रत्नपालनं दोनदा सांगितलं. शेठनं दोनदा मान डोलावली आणि पोती होती तिथंच ठेवली. पहिली वायर तुटली तेव्हा शेठनं शेंगदाण्याचा कूट आणि गूळ घेतला, त्यात विष कालवून गोळ्या केल्या आणि त्या बॉनेटखाली ठेवून दिल्या. हे त्यांनी दुकानात येऊन मोठ्या कौतुकानं सांगितलं.

"शेठ, विष खाल्लेला उंदीर बाहेर जाऊन मरत न्हाई," रत्नपाल म्हणाला. "आडोशाला शिरून मरतो."

"तुमचा बुद्ध मारू देत न्हाई व्हय रे," शेठ म्हणाले आणि हसत निघून गेले.

तुळशीचं लग्न झालं, आणि शेठच्या पोरीचं लग्न दोन दिवसांवर आलं. नवऱ्याकडच्या मंडळींना वसमतहून आणायला दुपारी गाडी जायची होती, आणि नेमकी त्या सकाळी सुमो मेली. ना दिवा, ना हॉर्न. ट्रॅक्टरनं ओढून ती दुकानासमोर आणली. गाडी थांबायच्या आधी वास येऊन थांबला. शेजारच्या गॅरेजातल्या खेमा मिस्त्रीनं नाकाला रुमाल लावला. ट्रॅक्टरवाला साखळी सोडून पळाला तो परत आलाच नाही.

रत्नपालनं डॅशबोर्डखाली टॉर्च मारला. हवेच्या नळीपाशी, बरोबर जिथं वायरींचा जुडगा आत जातो तिथं, तो पडला होता. फुगून फुटलेला, शेपूट वायरीवर लोंबणारं, पोटात अळ्यांची वळवळ. पाणी गळून वायरींवर चिकट तवंग धरला होता. रत्नपालनं टॉर्च विझवला. तो मागं सरकला.

"दिसला व्हय?" शेठ लांबून म्हणाले. "काढ मंग."

"मेलेलं मी काढत न्हाई, शेठ. तेवढं काढून द्या, वायरिंग तासाभरात करून देतो."

शेठ चिडले असते तर बरं झालं असतं. ते चिडले नाहीत. लहान लेकराला समजावावं तसं गोड आवाजात म्हणाले, "अरे काहून लाजून राहिला? तुमच्या लोकांला काय नवं हाय ते? तुझ्या बापानं आमच्या गोठ्यातला बैल ओढला व्हता. आमच्यानं होत न्हाई बाबा, आमाला मळमळतं. आन् जागा माझी हाय म्हणून बसलास ना, मग येवढं तर करशील?"

उंदराची किळस रत्नपालला रोजची होती, ती धुता यायची. हे वाक्य कानातून आत उतरलं आणि आतच सडायला लागलं. खेमा दिवसभर कोपरापर्यंत ग्रीसमध्ये हात घालतो, त्याला कुणी काढ म्हणालं नाही. आपल्याला म्हणालं. आणि याहून वाईट म्हणजे रत्नपालचा हात पक्कडीकडं गेला. दोन मिनिटांचं काम आहे, दुकान वाचेल, घरी सरिता आहे, लेकरं आहेत, असं मन भराभर सांगू लागलं. त्याला स्वतःचीच किळस आली.

तेवढ्यात खुर्ची करकरली. मुंजाजी उठला होता. त्यानं कोपऱ्यातलं फडकं हातात घेतलं आणि गाडीकडं निघाला. "सरक, मी काढतो," तो हळूच म्हणाला. "मला ठाऊक हाय कसं धरावं ते. तुझं दुकान जाईल."

पन्नास वर्षं सांभाळलेली गोष्ट म्हातारा पोरासाठी एका उंदरापायी मोडायला निघाला होता. रत्नपालनं त्याचं मनगट धरलं. 

"बाबा, तुमी बसा," तो म्हणाला. फडकं त्यानं काढून घेतलं आणि शेठसमोर धरलं. "ज्याची गाडी त्याचा उंदीर. तुमीच काढा, टॉर्च मी धरतो."

शेठनं खेमाकडं पाहिलं. खेमा काहीतरी पुटपुटत एका जीपखाली शिरला. गोदामाचे सगळे हमाल मांडवाच्या कामाला गेलेले, उन्हं वर चढत चाललेली, आणि वसमतची मंडळी वाट पाहत बसलेली. शेठनं घड्याळाकडं पाहिलं, हाताला दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळल्या, त्यावर फडकं धरलं आणि डोकं आत घातलं.

अर्धा आला, अर्धा तिथंच राहिला. शेठ लिंबाच्या झाडाखाली जाऊन ओकले. परत आले. या खेपेला पिशवी फाटली.

"डावीकडं, शेठ," रत्नपाल म्हणाला. "अजून खाली. अळ्याबी पुसून घ्या." त्याचा टॉर्च हलला नाही. मजा त्यालाही वाटत नव्हती, वासानं त्याचं डोकं फिरत होतं.

फिनेल टाकून शेठनं जागा पुसली, मग रत्नपालनं तासाभरात वायरी जोडल्या आणि सुमो सुरू झाली. शेठ गाडीत बसताना त्याच्याकडं न बघता म्हणाले, "लगीन झालं की जागा मोकळी कर."

"करतो," रत्नपाल म्हणाला.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पत्रे उतरवत होता. बाजाराच्या पलीकडं एकाची पडीक जागा मिळाली होती. गिऱ्हाईक तिथं येईल की नाही कुणास ठाऊक. खेमा हात लावायला आला, बहुधा जीपखाली शिरल्याची भरपाई म्हणून. पत्रा धरता धरता तो हसायला लागला.

"काल पंगतीत गंमत झाली. सारं गाव हातानं जेवून राहिलं, आन् शेठनं तेवढा चमचा मागितला. वरणभाताला चमचा. घडीघडी बोटं हुंगून राहिले व्हते."

रत्नपालला हसू आलं. त्यानं बापाकडं पाहिलं. मुंजाजी उघड्यावर ठेवलेल्या खुर्चीत बसून वायरीचं वेटोळं करत होता. तो हसला नव्हता. त्यानं वेटोळं पुरं केलं, गाठ मारली आणि आपल्या हातांकडं पाहत म्हणाला, "बैल ओढला तवा आमच्या घरात चमचा नव्हता."