शफीच्या खोलीतले डाग

आकुर्डीच्या दुर्गाबाईंनी फोटो युनूसच्या टेबलावर टाकला आणि पदर खोचून त्या उभ्याच राहिल्या.

"बघ रं बाबा, तूच बघ. पोरीला कोड हाय का, असं इचारून कुरुळीच्या पाव्हण्यांनी माघारी धाडलाय. हाय का माझ्या शालनला कोड?"

"नाही, मावशी."

"मग ह्ये काय? तुझ्या मिशनीनं पोरीच्या तोंडावर रांगोळी सांडली व्हय?"

युनूसने फोटो उजेडाकडे धरला. शालनच्या गालांवर आणि कपाळावर बारीक पांढरे ठिपके होते. गेल्या काही आठवड्यांत असा रोल मधूनच निघत होता. पण आजवर त्यापायी कुणाच्या लग्नावर गदा आली नव्हती.

"नवऱ्या मुलाचा मामा परवा शुक्रवारी मुंबईला निघालाय," दुर्गाबाई म्हणाल्या. "पोरगा तिकडंच गिरणीत हाय. मामाच्या हातात धड फोटू पडला न्हाई, तर ह्ये स्थळ गेलं म्हणून समज. उद्या पोरीला घेऊन येते. आता सांडू नकोस काय."

चिंचवड स्टेशनाच्या रस्त्यावरचे युनूसचे दुकान म्हणजे त्याच्या घराची पडवीच होती. पिंपरीच्या माळावर औषधांचा कारखाना उभा राहिल्यापासून परजिल्ह्यांतून आलेल्या माणसांना पासासाठी आणि गावी धाडण्यासाठी फोटो लागत, आणि युनूसचे त्यावर बरे चालले होते. फिल्म तो घरामागच्या अंधाऱ्या खोलीत धूत असे. ही खोली मुळात त्याच्या थोरल्या भावाची, शफीची. शफी रेल्वेत फिटर होता. फाळणीच्या वेळी त्याने कराचीची नोकरी पत्करली. बस्तान बसले की अम्माला न्यायला येतो, असे सांगून तो गेला. सुरुवातीला पत्रे आली, मग तीही थांबली. ज्यांची माणसे मरतात त्यांना समाज शोकासाठी थोडी मुदत देतो. ज्यांची जिवंत माणसे सरहद्दीपलीकडे राहिली, त्यांना तेवढीही सवलत मिळाली नाही. त्यांनी नुसती आठवण काढली तरी शेजाऱ्यांच्या भुवया वर जात. म्हणून या घरात शफीचे नाव आधी पडवीत निघेनासे झाले, आणि पुढे सवयीने चुलीपाशीही. थोरल्याच्या जागी उभे राहून घर ओढताना त्या थोरल्यासाठी झुरायची सवड युनूसला कधी मिळालीच नव्हती.

दुर्गाबाई गेल्यावर त्याने डाग पडलेल्या साऱ्या निगेटिव्ह पुन्हा काढल्या. कॅमेऱ्याच्या भात्याला भोक असेल, या शंकेने त्याने मागेच आत दिवा धरून भाता तपासला होता. एकही किरण बाहेर आला नव्हता. आणि भोक असते तर डाग दर फोटोत एकाच जागी पडला असता. पाण्यातल्या क्षाराचा संशय आला, तेव्हा त्याने पाणी उकळून मलमलीतून गाळून पाहिले. पुण्याच्या दुकानदाराला रोलबद्दल विचारले, तर तो हसून म्हणाला होता, "रोल उत्तम आहेत हो, राव. हात तपासा."

आता त्याने भिंगाखाली एक निगेटिव्ह धरली. ठिपके फिल्मच्या आतले नव्हते. वरून येऊन ओल्या थरात रुतलेले ते कण होते. तेवढ्या जागी उजेड अडे आणि कागदावर पांढरे उमटे. कोपऱ्यातला एक कण त्याने नखाने उकरला. तो चिकट होता. बोटांत चोळून त्याने नाकाशी नेला. लोबान.

दर गुरुवारी दिवेलागणीला त्याची आई झुलेखाबी निखाऱ्यावर लोबान टाकून घरभर धूर फिरवीत असे. त्या वेळी युनूस पडवीत गिऱ्हाइकांपाशी असे, आणि लहानपणापासून नाकात मुरलेला तो वास त्याला वास म्हणून जाणवतही नसे. पूर्वी फिल्म अंगणात वाळायची. यंदा कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ वाढली, म्हणून त्याने दोरी खोलीत बांधली होती. धुळीपासून वाचवायला नेलेली फिल्म त्याने स्वतःच धुरात टांगली होती.

आई तांदूळ निवडत होती. तो समोर जाऊन बसला.

"अम्मा, उद्या त्या खोलीत धूर नेऊ नकोस."

"का?"

त्याने सारे समजावून सांगितले.

"तू खोली घेतलीस, मी काय बोलले का?" ती अखेर म्हणाली. "त्याची खाट काढलीस. खिडकीला काळं फासलंस. धूर तेवढा ऱ्हायला हुता."

"एका पोरीचं लगीन अडलंय, अम्मा."

"आन माझं काय अडलंय, ते तुला ठाव न्हाई व्हय?"

तिने सूप पुन्हा मांडीवर ओढले.

गुरुवारी शालन नव्या लुगड्यात येऊन बसली, आणि कॅमेऱ्याकडे अशी रोखून पाहू लागली की दुर्गाबाई म्हणाल्या, "अगं, भांडायला बसलीस का फोटूला?" पोरगी हसली, युनूसने तेवढ्यात खटका दाबला.

संध्याकाळी फिल्म धुऊन त्याने ती दोरीला लावली आणि तिच्यापाशीच बसला. दाराला आतून कडी होती, पण आईच्या तोंडावर ती लावणे त्याच्याने झाले नाही. दार त्याने नुसते लोटून ठेवले. थोड्या वेळाने निखाऱ्यांचा वास आला, मग तिची पावले. ती दाराशी थांबली. मग पावले माघारी वळली.

फोटो स्वच्छ आला. दुर्गाबाईंनी तो उन्हात फिरवून फिरवून पाहिला. "आता कशी माझी पोर दिसती!" असे म्हणून त्यांनी तो पदराआड घातला आणि त्या लगबगीने कुरुळीच्या वाटेला लागल्या. जे साधायचे होते ते साधले होते, तरी युनूसला खोलीत बसवेना. तिथे आता फक्त फिल्म धुण्याच्या हायपोची आंबट घाण होती. लोबानाचा वास गेल्यावर त्याला पहिल्यांदा कळले, की इतकी वर्षे तो भावाच्याच खोलीत बसत होता.

पुढच्या गुरुवारी त्याने फिल्म धुतली नाही. दोरी सोडून ठेवली, दार सताड उघडले आणि वाट पाहिली. झुलेखाबीने धूर चुलीभोवती फिरवला, पडवीत फिरवला, आणि लोबानदाणी कोपऱ्यात टेकवली.

"आत नाही नेत?"

"तुझ्या फिल्मा ऱ्हात्यात तिथं."

"आज एकही नाही."

ती जागची हलली नाही. युनूसने फडक्याने धरून लोबानदाणी उचलली आणि तो एकटाच आत गेला. धूर छताला लागला, काळ्या खिडकीपाशी रेंगाळला. पुढे काय करायचे असते, हे त्याला माहीत नव्हते.

"अम्मा," त्याने आतून हाक मारली, "इथं आल्यावर तू काय म्हणतेस?"

"काय न्हाई रं. नुसतं नाव घेती त्याचं."

त्याने ओठ हलवले. "शफीभाई," तो म्हणाला.

"ऐकू न्हाई आलं," बाहेरून आई म्हणाली. "जरा मोठ्यानं घे."