कल्पनाचा ‘आरसा’ आता कोण सांभाळणार?

कल्पनाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी नागपुरात गांधीबागेच्या कापडबाजारात चादरी बघत होतो. ‘‘ताई गेली,’’ एवढंच तो म्हणाला. आजार मोठा होता हे ठाऊक होतं, तरी दुकानदाराने पसरलेल्या चादरींकडे मी कितीतरी वेळ नुसता बघत राहिलो... आणि खरं सांगतो, रडू यायच्या आधी मनात आलं ते ‘आरसा’चं. आता त्याचं काय?

‘आरसा’ म्हणजे कल्पनाने जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं फ्रेमवर्क. वेबसाइट बांधणाऱ्यांसाठी तयार सांगाडाच म्हणा ना. समजा, बाजारात कापसाचा भाव बदलला, की पडद्यावरचा तेवढाच आकडा आपोआप बदलतो, पान पुन्हा उघडावं लागत नाही. असली फ्रेमवर्कं मोठमोठ्या कंपन्या काढतात. आमच्या कल्पनाने ते प्रताप नगरातल्या घरी, नोकरी सांभाळून उभं केलं आणि सगळ्यांना फुकट वापरायला दिलं. कुणाचं अडलं की ती म्हणायची, रविवारी घरी या. पण हट्ट असा, की ती दुसऱ्याच्या लॅपटॉपला बोट लावायची नाही. हाताची घडी घालून शेजारी बसायची आणि विचारायची, ‘‘हे काहून असं झालं असन?’’ समोरचा चाचपडायचा, चुकायचा, आणि तिच्या मदतीला बसणाऱ्या माझ्यासारख्या उतावळ्या माणसाचा जीव नुसता वरखाली व्हायचा. सावनेरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी रोशनी तर एकदा ‘आरसा’च्या पोटात शिरून चूक शोधता शोधता रडकुंडीला आली. मी कल्पनाला म्हटलं, ‘‘अवं, सांगून टाक ना. दोन मिनिटाचं काम हाय.’’

‘‘मी केलं तर ते माह्यंच राहीन गा,’’ ती शांतपणे म्हणाली.

शेवटचा भेटलो तो दवाखान्यात. ‘‘पुढं हे कोण पाहीन?’’ मी विचारलं. ‘‘तुले एकच कोणी काहून पाहिजे?’’ म्हणून ती हसली. मला राग आला. आजारी माणसावर रागावता येत नाही, म्हणून मोसंबी सोलत बसलो.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी ब्राउझरची नवी आवृत्ती आली आणि ‘आरसा’वर चालणारी पानं एकाएकी कोरी दिसू लागली. संपलं सगळं, असं मी धरून चाललो. तेवढ्यात रोशनीचा फोन आला. ‘‘सर, बिघाड सापडला वाटते. रविवारी ताईच्या घरीच जमून राहिलो आम्ही.’’

गेलो. कल्पनाच्या खोलीत तिला कधी ना कधी अडचण विचारायला आलेली माणसं दाटीवाटीनं बसली होती. रोशनीची दुरुस्ती बरोबर होती, एक ओळ सोडून. माझा हात तिच्या कीबोर्डकडे गेला, तसा तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला. ‘‘नाही सर. मलेच पाहू द्या.’’ मी हाताची घडी घालून बसलो. कुणी काही सुचवलं, कुणी ते खोडून काढलं... बऱ्याच वेळाने पान उघडलं आणि त्यावर कापसाचा त्या दिवशीचा भाव दिसला.

‘‘‘आरसा’ची ही नवी आवृत्ती तुमच्या नावानं टाकू ना, सर?’’ रोशनीने विचारलं.

‘‘तुह्या नावानं टाक,’’ मी म्हटलं, आणि मला हुंदका आवरला नाही.

कल्पनाचा भाऊ दारात उभा राहून हे सगळं बघत होता. तो म्हणाला, ‘‘पुढच्या रविवारी हा पलंग बाहेर काढतो. जागा पुरून नाही राहिली.’’