खालची पोळी

डब्यातली वरची पोळी खाल्ली की तो झाकण लावायचा. खालची पोळी तशीच घरी जायची आणि गाईच्या तोंडी पडायची. फॅक्टरीच्या कॅन्टीनमध्ये वीस वर्षं आम्ही हे पाहिलं आणि त्यावरून त्याला भरपूर चिडवलं. त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "सवय आहे जी. काहून आहे, ते मलाच नाही माहीत."

आई गेल्यावर त्याला वाढवलं ते मोठ्या बहिणीने. ती त्याच्याकडेच राहायची. एका हिवाळ्यात तिचा लांबलेला ताप उतरला, पण तिने खाणंच सोडलं. आपल्या शाळेच्या डब्यातलं बेसन दे, एवढंच म्हणायची. नेपियर टाउनच्या डॉक्टरांनी शेवटी सांगून टाकलं, की उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर भरती करून नळी घालू.

त्याआधीचे चार दिवस तो रोज सकाळ-संध्याकाळ बेसन घोटत होता. कधी लसूण वाढव, कधी पनागरच्या मिरच्या आण. ताई जिभेला लावायची आणि म्हणायची, "हे ते नाही."

डॉक्टरांनी बजावलं त्या संध्याकाळी चव बघायला त्याने मला घरी नेलं. बेसन उत्तम झालं होतं. ताईने चाखलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला हा माणूस ओरडला, "आता अजून काय टाकू, ताई? सांग तरी."

ती म्हणाली, "तू जेवला काय?"

तो दिवसभर उपाशी होता. सकाळी भरलेला बेसन-पोळीचा डबा पिशवीत तसाच होता. तो खाटेशी बसला, वरची पोळी खाल्ली आणि सवयीने झाकण लावू लागला. तेवढ्यात ताईचा हात झाकणावर आला.

"दे आता."

बेसनाचं तेल पिऊन गार, लाल झालेली ती खालची पोळी ताईने तुकडा तुकडा करून सगळी खाल्ली.

दाराशी त्याने मला सांगितलं. शाळेत दोघांत एकच डबा असायचा. मधल्या सुट्टीत आधी हा जेवायचा, मग डबा मुलींच्या वर्गात पळत नेऊन द्यायचा. "मी विसरूनच गेलो होतो जी," म्हणाला आणि रडला. आमच्या थट्टेची मला फार लाज वाटली.

ताई त्यानंतर पाच वर्षं होती. ती गेल्यावर तो पहिल्यांदा कॅन्टीनमध्ये आला, तेव्हा डब्यात एकच पोळी होती.