मुक्ताची भाकरी मी मोडली

रविवारी सकाळी आमच्या पाटणच्या घरात एवढा आकांत झाला की शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. "काय झालं हो, पोरगी पडली का?" आता त्यांना काय सांगणार... म्हटलं, "नाही हो, भाकरी मोडली."

मुक्ता माझी नात. तीन वर्षांची, बेंगळुरूला असते. फोनवर रोज 'आजी, आजी' करते, पण समोर आली की आईच्या ओढणीआड. येऊन दोन दिवस झाले तरी मांडीवर बसणं सोडाच, हाताला हात लावू देत नव्हती. आणि त्या रविवारी दुपारीच कराडहून मायलेकींची परतीची गाडी होती.

मी मनातून हिरमुसले होते. पण लेकराला ओढून जवळ घेण्यात काय राम...

तर त्या सकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि ही आपणहून स्वयंपाकघरात आली. स्टुलावर चढून बसली, परातीतल्या पिठात बोट घालून बघितलं, मग माझ्या बांगड्या एकेक करून फिरवल्या. मी श्वाससुद्धा हळू घेत होते... न जाणो, चिमणी उडून जायची.

एक भाकरी मस्त टम्म फुगली. "ही माझी," मुक्ता म्हणाली. मला काय, आभाळ ठेंगणं झालं! ताटलीत घेतली आणि आपण सगळ्याच करतो तेच केलं. मधोमध मोडली, वाफ जाऊ दिली, तुपाचा चमचा उचलला. लेकराचा हात भाजू नये म्हणून.

आणि मुक्तानं भोकाडच पसरलं. स्टुलावरून उतरून थेट फरशीवर. "जोड! जोड ती!" पाय आपटून झाले, ताटली भिरकावून झाली...

आमचे हे धावत आले. "अगं, मग दुसरी थाप की! पीठ संपलंय व्हय?" मी घाईघाईनं दुसरी थापून तव्यावर टाकली. तोवर ह्यांनी मांजर दाखवलं, मोबाईल दाखवला, आणि शेवटी म्हणाले, "दृष्ट लागलीय लेकराला. मीठ-मिरच्या आण आधी."

तेवढ्यात मुक्ताची आई, माझी सून प्राजक्ता आली. सांगलीची पोर, स्वभावानं मोकळी. "आई, बाबा, जरा थांबूया," म्हणाली आणि मुक्तापासून हातभर अंतरावर फरशीवर मांडी घालून बसली. रागावणं नाही, चॉकलेटचं आमिष नाही. मधेच एकदा, "तुला खूप राग आलाय," एवढंच.

जेंटल पेरेंटिंगचे व्हिडिओ मीही पाहिलेत मोबाईलवर. पण असं नुसतं बसलेलं माणूस समोर बघून मला भारी कुतूहल वाटलं. कुरकुरत्या गुडघ्यांनिशी मीही खाली बसले आणि हळूच विचारलं, "असं बसून काय होतं गं?"

"काही होत नाही आई. ती रडून घेते."

"एवढं शिकाय क्लास लावलावता व्हय?" हे दारातनं म्हणाले. प्राजक्ता हसली, पण जागची हलली नाही.

रडण्याचा जोर जरा ओसरला, तेव्हा तिनं विचारलं, "तुला अख्खी हवी होती का?" हुंदक्यातून उत्तर आलं, "फुगा होता... आजीनं फोडला."

अगं बाई! जन्मभर भाकऱ्या फुगताना बघतेय, पण माझ्या लेखी ती भाकरी चांगली झाल्याची खूण. तिच्या डोळ्यांसमोर मात्र एक फुगा तयार झाला होता... आणि जिनं केला, तिनंच तो फोडला होता. असं झालं तर कुठलं पोर रडणार नाही?

मी म्हटलं, "हो गं, मीच फोडला. मला कळलंच नाही तो फुगा आहे." ती पहिल्यांदाच नीट माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "परत फुगव."

दुसरा देते, हे अगदी जिभेवर आलं होतं. पण तिला तोच हवा होता, आणि तो काही परत होणार नव्हता. "तो आता नाही फुगत, बाळा."

तिचा ओठ पुन्हा वाकडा झाला. गेलं, म्हटलं, होतं नव्हतं तेही गेलं... आणि रडत रडतच ती उठली, आईला ओलांडून आली आणि माझ्या मांडीत तोंड खुपसून रडू लागली.

"अगं ए, तव्यावरची करपली की!" हे ओरडले. "करपू द्या आवं," मी म्हटलं. उठतंय कोण!

तेव्हापासून एकच विचार मनात घोळतोय. मी सगळा जीव तिचं रडणं थांबवण्यात घातला होता. ते थांबलं असतं, तर ती रडायला माझ्याकडे आलीच नसती.

प्राजक्ता, हे वाचशील तेव्हा कळेल... त्या दिवशी तू तिला गप्प केलं नाहीस, म्हणून ती माझ्या वाट्याला आली.