येळवशीची घोंगडी

आज सुनेनं डाळी-भाज्यांची घट्ट भज्जी शिजवली आणि त्या वासानं मला सत्तरच्या दशकातल्या एका येळवशीला नेऊन सोडलं.

होटगीच्या पुढच्या एका गावी मास्तर म्हणून मी पहिल्यांदाच निघालो होतो. समोरून असा गार वारा, की पायडल मारून मारून पोटऱ्या भरून आल्या. शर्टाच्या आत वर्तमानपत्र खुपसलं होतं, तरी दात वाजत होते. पोचलो तर गावात चिटपाखरू नाही, शाळेला कुलूप. येळवशीला, म्हणजे हिवाळ्यातल्या या अमावस्येला, अख्खं गाव शेतात जेवायला जातं, हे माझ्यासारख्या कोकणातल्या माणसाला कुठलं माहीत? नकोच ही नोकरी, असं ठरवून मी सायकल माघारी वळवली.

"ओ पावणं! येळवशीला उपाशी जातंय व्हय कुनी?"

ज्वारीच्या शेतातून एका बाईंनी हाक मारली. खोपीत बसवून त्यांनी गरम भज्जी आणि बाजरीचे वाफवलेले उंडे वाढले. दोन घास पोटात गेल्यावर मी मास्तर असल्याचं आणि नोकरी सोडून चालल्याचं सांगून टाकलं. त्यांनी फक्त आणखी एक उंडा वाढला. मी निघालो तेव्हा मात्र नवऱ्याच्या खांद्यावरची घोंगडी काढून त्यांनी माझ्या अंगावर टाकली.

"वारं लई हाय. उद्या शाळंत येताना आना की."

दुसऱ्या दिवशी केवळ घोंगडी परत करायला गेलो आणि त्या गावात एकवीस वर्षं राहिलो.

परतीला वारा पाठीमागून होता, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. जन्म शेतात गेलेल्या त्या बाईंना ते ठाऊक नव्हतं होय?