थोरलीचं स्टूल

सकाळी धुकं इतकं दाटलं होतं की अपघात विभागाच्या दारातून समोरची अँब्युलन्स दिसत नव्हती, नुसता तिचा लाल दिवा अधांतरी लोंबत होता. असल्या हवेत माणसांच्या छात्या भरतात. थोरलीला ते ठाऊक होतं, म्हणून ड्यूटीवर आल्या आल्या तिनं ऑक्सिजनच्या बाटल्या धुवायला घेतल्या. ऑक्सिजन ओला होऊन नाकात जावा म्हणून प्रत्येक खाटेमागे भिंतीवर एक पाण्याची बाटली असते. कालचं पाणी ओतायचं, बाटली विसळायची, रेघेपर्यंत नवं भरायचं, झाकण पिळायचं. काम तसं नव्या पोरींचं. पण त्यांचा पिळा थोरलीला पटायचा नाही. "झाकण लावता का टोपी घालता गं?" म्हणायची आणि स्वतःच करत बसायची.

थोरली म्हणजे इथली सगळ्यात जुनी सिस्टर. थोरली हे नाव पडलं ते धाकटी आल्यावर. धाकटी तिची जाऊ, दिराची बायको. तिला इथं चिकटवलं थोरलीनंच. मेट्रनच्या केबिनबाहेर तासन्‌तास उभं राहून, "मुलगी हुशार आहे, हाताखाली शिकेल," असं सांगून. हुशार आहे हे खरंच निघालं, आणि तिथंच सगळं बिघडलं.

त्याआधी इथं थोरलीच्या नजरेचा दबदबा होता. न्यूमोनियाचा पेशंट आला की ती पायथ्याशी उभी राहायची. नाकपुड्या, गळ्याचा खळगा, नखं, एवढं बघायची. बोलायची नाही. पण पेशंट हातचा जाईलसा वाटला, तर कोपऱ्यातलं लाकडी स्टूल उचलून खाटेच्या उशाशी ठेवायची, नातेवाइकाला बसायला. स्टूल हललं की डॉक्टर चहा ठेवून उठायचे. वॉर्डबॉय मामा तर म्हणायचा, "बाई, माझ्या उशाशी ते लाकूड आणू नका, मी उभ्यानं मरीन."

मग धाकटी कुठलंसं ट्रेनिंग करून आली आणि तिनं भिंतीवर एक तक्ता चिकटवला. पाच प्रश्न. पेशंटला भ्रम झालाय का? रक्तातला युरिया वाढलाय का? श्वास मिनिटाला तीस किंवा वर आहे का? रक्तदाब उतरलाय का? वय पासष्टच्या पुढं आहे का? प्रत्येक 'हो'ला एक गुण. शून्य-एक असेल तर साधा वॉर्ड. दोनला डोळा ठेवायचा. तीन किंवा वर गेलं तर जीव धोक्यात, सरळ अतिदक्षता विभाग.

मोठ्या डॉक्टरांना ते फार आवडलं. तेव्हापासून पेशंट आला की ते थोरलीकडं न बघता विचारायचे, "धाकट्या सिस्टर, किती गुण?" आणि स्टुलावर कुणीतरी कापसाचे गठ्ठे ठेवायला लागलं.

बरं, घरी जावं तर तिथंही तेच. सासूबाई इतकी वर्षं दंड थोरलीपुढं करायच्या, बीपी बघायला. आता म्हणायच्या, "असू दे गं, तू दमलीस. धाकटी बघेल, तिचं मशीन आकडा दाखवतं." नवरा तर साध्या सर्दीला भिंतीपलीकडं धाकटीला हाक मारायचा, "अगं, जरा बघतेस का?" थोरली भांडी अशी आदळायची की नळालाही घाम फुटावा.

तक्ता आणायला कारण घडलं होतं, ते मात्र थोरली कधी काढत नसे. एक गोरीपान, लठ्ठ बाई खोकत आली होती. सारखी हसत होती, सिस्टरांची थट्टा करत होती. थोरलीनं स्टूल हलवलं नाही. बाई दुपार बघू शकली नाही. धाकटीनं त्यावर कधी ब्र काढला नाही. थोरलीला वाटे, बोलली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

तर त्या धुक्याच्या सकाळी बाटल्या निम्म्या झाल्या होत्या, तेवढ्यात एक रंगारी आला. वय अठ्ठावन्न. अंगावर चुन्याचे शिंतोडे, सोबत लग्नाची मुलगी. तीन-चार दिवस ताप, छातीत कळ. नखांवर निळा रंग इतका, की बोटाला लावायचं मशीन आकडाच दाखवेना. मुलगी आपल्या नखानं त्याचं नख खरवडायला लागली.

धाकटीनं रक्त काढलं, रक्तदाब घेतला. थोरलीनं ओले हात पुसले, पायथ्याशी जाऊन एक नजर टाकली आणि केसपेपरवर श्वासाच्या रकान्यात बावीस लिहून ती बाटल्यांकडं वळली. श्वास इथं कुणी मोजतच नाही. पूर्ण मिनिट छातीकडं बघत उभं राहायला वेळ कुणाला? नजरेनं अठरा, वीस, बावीस लिहायचं, हीच रीत. नव्या पोरींना ती थोरलीनंच शिकवली होती.

वळता वळता तिनं आणखी एक पाहिलं. रंगाऱ्याचा उजवा हात चादरीवर वर-खाली, वर-खाली जात होता, ब्रश मारल्यासारखा.

"शिडी धर गं," तो मुलीला म्हणाला.

"बाबांना थट्टेची सवयच आहे," मुलगी म्हणाली.

थोरलीचा हात स्टुलाकडं गेला. वर कापसाचे गठ्ठे होते. हात मागं आला. विचारा की तुमच्या तक्त्याला, ती मनात म्हणाली.

युरियाचा आकडा आला, वाढलेला. मोठे डॉक्टर आले. "धाकट्या सिस्टर, किती?"

"एक, सर. फक्त युरिया."

"एक? मला जरा जास्तच धापा टाकतोय असं वाटतं. श्वास परत बघा."

"सर, श्वास ताईंनी लिहिलाय," धाकटी म्हणाली. "त्यांनी लिहिलेलं मी परत मोजत नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. "बरं. साधा वॉर्ड."

थोरली पाठमोरी होती. बाटलीत पाणी रेघेवर गेलं, काठावर आलं, हातावरून वाहायला लागलं. गेले किती महिने ती एकाच गोष्टीची वाट बघत होती, की तक्ता एकदा सपशेल तोंडावर पडावा. आज तो पडणार होता. वर वॉर्डात संध्याकाळपर्यंत रंगारी निळा पडेल, मग सगळे धाकटीकडं बघतील. आपण काहीच करायचं नाही. नुसतं बाटल्या भरायच्या.

पण तक्ता जो खोटा पडणार होता, तो तिच्या बाविसामुळं. आणि त्या कार्टीनं ते बावीस डोळे मिटून खरं धरलं होतं. मोजलं असतं, चूक काढली असती, चारचौघांत नाक कापलं असतं तरी चाललं असतं. विश्वास ठेवून बसली. थोरलीला तिचा जास्तच राग आला.

मामानं स्ट्रेचर ढकललं. रंगाऱ्याची मुलगी चपला सावरत मागं निघाली, नखात निळा रंग भरलेला. लिफ्टचं दार उघडलं.

"मामा, थांबा."

"काय झालं बाई? लिफ्ट परत येईस्तोवर म्हातारपण येईल."

"थांबा म्हटलं ना."

तिनं ओला हात चादरीवर पुसला आणि रंगाऱ्याच्या पोटावर ठेवला. दुसऱ्या हातावरचं घड्याळ डोळ्यांपुढं धरलं. लिफ्टचं दार मिटलं. हाताखाली पोट भराभर, उथळ, उडत होतं. काटा पुरा फिरेपर्यंत ती हलली नाही. चौतीस.

"दादा, कुठं आलात तुम्ही?"

"तुमच्याच घरी," रंगारी तिच्याकडं न बघता म्हणाला. "छताचा दुसरा हात राहिलाय. शिडी धरा."

मुलीचा चेहरा उतरला. ही थट्टा नव्हे, हे तिलाही कळलं.

थोरलीनं स्ट्रेचर स्वतः मागं ओढलं. डॉक्टर, धाकटी, दोन नव्या पोरी, सगळे बघत होते. "सर, श्वास चौतीस आहे. आणि ह्यांना भ्रम झालाय."

"मग बावीस कुणी..."

"मी. मोजला नव्हता. नजरेनं लिहिला होता."

धाकटीनं खाली बघत केसपेपरवर बेरीज केली. "तीन, सर."

मग सगळ्यांचे पाय हलले. अतिदक्षता विभागाला फोन, मास्क, दुसरी सलाईन, औषधाचा पहिला डोस इथंच. वरची खाट रिकामी होईपर्यंत रंगाऱ्याला पहिल्या खाटेवर घेतलं. जगेल का, हे तीन गुण सांगत नव्हते. नजर हटवू नका, एवढंच सांगत होते. थोरलीनं स्टुलावरचे कापसाचे गठ्ठे खाली टाकले, स्टूल उशाशी नेलं आणि मुलीला खांद्याला धरून बसवलं. "हात धरून बस. शिडी धरलीय म्हणून सांग त्यांना."

मोठे डॉक्टर जाता जाता थांबले. थोरलीला वाटलं, आता आपल्याला काहीतरी म्हणतील, बरं-वाईट काहीही. ते म्हणाले, "धाकट्या सिस्टर, तुमचा तक्ता होता म्हणून बरं. उद्यापासून श्वास सगळ्यांनी मिनिटभर मोजायचा."

म्हणजे श्रेय परत तिकडंच.

धाकटी जवळ आली. "ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर..."

"तर काय? तुझं तू मोजायला काय झालं होतं? हात मोडले होते?"

"तुमचं कसं मोजणार?"

"माझं पहिलं मोजायचं," थोरली म्हणाली. "आणि घरी यातलं काही बोलायचं नाही. सासूबाई आरती ओवाळतील तुला."

धाकटीला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. तेवढ्यात चौथ्या खाटेवरून कुणीतरी "सिस्टर" म्हणून हाक मारली. दोघींनी वळून पाहिलं. "तुम्ही नाही, त्या," म्हातारा धाकटीकडं बोट करत म्हणाला.

थोरलीनं नाक मुरडलं. नळाखालची बाटली अजून काठोकाठ होती. तिनं जास्तीचं पाणी ओतलं, रेघ डोळ्यांसमोर धरून पाहिली, झाकण दोनदा पिळलं आणि पुढची बाटली विसळायला घेतली.