भिंतीतली ओल

लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात महादेवीबाईंचं किराणा दुकान. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवावं, एवढं मोठं काम त्यांच्या लेखी एकच होतं: लिंगपूजा. पहाटे मांडी घालायची, गळ्यातल्या डबीतलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, आणि पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. बाळंतपणात, एवढंच काय नवरा गेला त्या दिवशीही हा नेम चुकला नव्हता. बाई हट्टीच, पण हट्टाशिवाय बाईमाणसाचं दुकान चालतं का?

लातूरच्या दवाखान्यात त्यांच्या हृदयाची तुंबलेली नस उघडली. उघडताना उजव्या मनगटातून घातलेली तार आतून टोचली आणि रक्त हृदयाच्या भिंतीत झिरपलं. "भिंतीला ओल धरलीय," डॉक्टरांनी त्यांना समजेल असं सांगितलं. "वाळेल हळूहळू. पण तोवर सपाट पडून राहायचं. भिंत फुटली तर जीव जाईल."

दुसऱ्या दिवशी सून शिवानी चहाला गेलेली बघून बाई उठल्या आणि मांडी घालून बसल्या. लिंग तळहातावर येतं न येतं तोच छातीत कळ आली, नर्स धावल्या. ओल थोडी पसरली होती. डॉक्टर संतापले, आणि बरोबरच होतं त्यांचं.

मग बाईंनी तोंडच मिटलं. पाणी नाही, गोळ्या नाहीत.

"पडून कुणी देव पुजतं व्हय? मेले तर मेले, नेम मोडणार न्हाई."

सासूपुढे कधी ब्र न काढणाऱ्या शिवानीचा पारा चढला. "आत्या, लिंगानं तळहातावर बसायचं हाय, तुमी गादीवर न्हाई! देवानं मागितलाय का तुमचा जीव? मग त्याच्या नावावर कशाला खपवता?" बोलता बोलता तिला रडू फुटलं. "मला लई भ्याव वाटायलंय."

महादेवीबाईंनी पट्टी बांधलेल्या उजव्या हातानं डबी उघडली आणि पडल्यापडल्याच लिंग डाव्या तळहातावर घेतलं. शिवानीनं कोपराखाली उशी सरकवली. पूजा झाल्यावर बाईंनी स्वतःहून गोळ्या मागितल्या.

एरवी दिवसभर दुकानात उभी राहणारी ही बाई त्यानंतर कुशीवरसुद्धा विचारून वळू लागली. पडून राहण्यातही तोच हट्ट.

एका सकाळी डॉक्टर तपासणीचा अहवाल घेऊन हसतच आले. "ओल वाळली, आजी! उठून बसा आता."

बाईंची नजर तळहातावरच्या लिंगावर होती. त्या हलल्या नाहीत. उजव्या हाताचं बोट तेवढं वर करून त्यांनी खूण केली, थांबा.

शिवानीनं डोळे पुसत डॉक्टरांना स्टूल दिलं.